अंधाऱ्या खोलीतला नंबर

दृष्टितपासणीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि मी एकटी उरले. तेवढ्यात दार ढकलून तो आत आला – धापा टाकत, एका बुटाची नाडी सुटलेली. रोज उशिरा येतो म्हणून वर्गाने त्याला लेटमार्क नाव ठेवलं होतं.

"बस," मी तुसडेपणाने म्हटलं. "तुझे डोळे तपासायचेत."

"खुशाल. पण काही गुपित दिसलं तर... कुणाला सांगू नकोस हं."

खोलीत अंधार करायचा, डोळ्यात बारीक उजेड टाकायचा, आतली सावली सरकते का बघायची; त्यावरूनच नंबर आहे की नाही कळतं. मग चष्म्याच्या रिकाम्या चौकटीत एकेक लेन्स घालून विचारायचं, पहिली बरी की दुसरी? माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागू नये म्हणून मी अंग चोरून बसायचे. त्याचा श्वास मात्र माझ्या कपाळाला लागायचाच.

"पहिली... नाही, दुसरी. थांब, पुन्हा दाखव ना."

"अजून किती वेळा?"

"कंटाळलीस?"

"मी कशाला कंटाळू?" म्हटलं, आणि गाल तापले. अंधार होता म्हणून बरं!

दर आठवड्याला त्याचा नंबर वेगळाच यायचा. मॅडमनी माझे कागद बघून कपाळाला हात लावला. "एकाच डोळ्याचे इतके नंबर? हात अजून कच्चा आहे तुझा."

झालं, माझी झोप उडाली. नर्सिंग अर्ध्यात सोडून मी इथे आले होते. आई तेव्हाच म्हणाली होती, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" आता हेही जमत नसेल तर... जेवताना, बसमध्ये, अंघोळ करताना तेच डोक्यात. शेवटी ठरवलं, सोडायचं. मॅडमना सांगायला निघाले, तर जिन्यात लेटमार्क आडवा आला.

"कुठे एवढी तरातरा?"

"कॉलेज सोडतेय. साधा तुझा नंबर काढता येत नाही मला."

त्याचा चेहराच उतरला. "अगं... मला नंबर नाहीच. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतो मी."

"काय?"

"खरं सांगितलं असतं तर तू लगेच दिवा लावला असतास. मला... तुझ्यासमोर बसून राहायचं होतं. आवडतेस तू मला."

असा राग आला! आणि रागाच्या पोटात गुदगुल्या झाल्या, त्याचा तर अजूनच आला.

"तुझा खेळ होतो, माझा जीव जातो! चल, सांग मॅडमना."

तो आला. मान खाली घालून सगळं सांगितलं आणि निमूटपणे बोलणी खाल्ली. त्याची सगळी प्रॅक्टिकल्स पुन्हा करायची ठरली. मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"उजेड टाकल्यावर सावली काय दाखवत होती?"

"शून्य, मॅडम. दर वेळी."

"म्हणजे हात पक्का आहे तुझा. ते सोडायचं खूळ डोक्यातून काढून टाक." मला रडूच यायला लागलं. पण त्यांचं संपलं नव्हतं. "एक सांग. डोळ्यांत शून्य दिसत असताना याने सांगितलेला नंबर का लिहिलास?"

तो माझ्याकडेच बघत होता. एखादी थाप सहज सुचली असती, पण थापांनी आधीच पुरता घोळ घातला होता.

"कारण..." माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला, "दिवा मलाही लावायचा नव्हता, मॅडम."