सरावाची नोंद

त्या दिवशीचं काम म्हणाल तर अगदी किरकोळ होतं. आरोग्य केंद्रातल्या बायकांना नवं अ‍ॅप शिकवायला वरच्या कार्यालयातून एक प्रशिक्षक आला होता. गरोदर बाईची नोंद मोबाइलवर कशी करायची, मग दर आठवड्याला तिच्या फोनवर आवाजी निरोप कसा जातो, बाळ झाल्यावर वजन आणि लशी कुठे भरायच्या, हे सगळं त्याने दोन तासांत उरकलं. मग म्हणाला, आता प्रत्येकीने सरावासाठी एक खोटी नोंद करा, काहीही लिहा, नंतर काढून टाकू.

बहुतेकींनी नावाच्या रकान्यात अबक लिहिलं. नर्सबाई जात्याच खट्याळ, त्यांनी केंद्राच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंचं नाव लिहून त्यांना साठीत गरोदर करून टाकलं, आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. वजनताई मात्र शेवटच्या पाळीच्या तारखेशी अडून बसली होती.

गेली बावीस वर्षं केंद्रात येणारं प्रत्येक मूल तिच्याच हातून झोळीत बसून काट्याला लटकत आलं होतं, म्हणून ती वजनताई. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. मूल नुसतं उचललं तरी शंभर ग्रॅम इकडेतिकडे इतका तिचा अंदाज बरोबर यायचा. अशा बाईला एक खोटी तारीख सुचू नये? पण तिला आयुष्यात अशी एकच तारीख पाठ होती, पंचवीस वर्षांपूर्वीची, तिची स्वतःची. त्या वेळी आठव्या महिन्यात सगळं संपलं होतं. मुलगी होती असं डॉक्टरांनी सांगितलं, पण दाखवली नाही. वजनताईने दिवस आणि महिना तोच ठेवला, वर्ष तेवढं चालू घातलं. नावाच्या रकान्यात लिहिलं ‘आई’. फोन स्वतःचा दिला आणि पत्ता केंद्राचा, कारण बसली होती तिथेच.

प्रशिक्षक निघून गेला आणि तिची नोंद काढायची राहून गेली.

पुढच्या बुधवारी सकाळी दहाला फोन वाजला. एका बाईचा शांत आवाज म्हणाला, “आई, तुमचं बाळ आता लिंबाएवढं झालं आहे.” वजनताईने घाईघाईने फोन पदराखाली दाबला. दुसऱ्या बुधवारी तिने शेवटपर्यंत ऐकलं. तिसऱ्या बुधवारी पावणेदहालाच ती औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. भरपूर पाणी प्या, डाव्या कुशीवर झोपा, असं तो आवाज सांगायचा, आणि ही बावन्न वर्षांची बाई घरी खरोखर डाव्या कुशीवर झोपायला लागली. दुधाची तहान ताकावर भागवणं म्हणतात ते हेच. तिला कळत होतं, पण ताकसुद्धा किती वर्षांनी मिळालं होतं.

घरी तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. कुणाला म्हणजे शिंप्याला, तिच्या नवऱ्याला. तो घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून गावाचे कपडे शिवायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त बोलण्याची काटकसर फार. ती मुलगी गेली तेव्हाही तो काही बोलला नव्हता. शिवून ठेवलेली टोपडी त्याने एका रात्रीत उसवून टाकली होती आणि त्यानंतर लहान मुलांचे कपडे शिवायला घेतले नव्हते.

दिवस भरले. प्रसूती झाली का, असं अ‍ॅप रोज विचारू लागलं. आठवडाभर तिने टाळलं आणि मग बोट टेकवलं ‘हो’वर. मुलगी. वजन शून्य घेईना, म्हणून दोन किलो सातशे. आता दर महिन्याला वजन नोंदवा अशी आठवण येऊ लागली. ते मात्र ती भरेना. तो एक आकडा सोडला तर वजनाच्या बाबतीत तिने जन्मात कधी थाप मारली नव्हती.

सहाव्या महिन्यात, लसीकरणाच्या दिवशी, दुपारी साडेबाराला केंद्र रिकामं झालं. आया पोरं घेऊन गेल्या, नर्सबाई जेवायला गेल्या. बाकं आडवीतिडवी पडली होती, खिडक्या बंद होत्या आणि पंखाही थांबलेला. वजनताई झोळी सोडवायला वळली आणि जागीच थबकली. आडव्या दांडीला टांगलेली रिकामी झोळी खाली ताणली गेली होती. कापडाला मधोमध गोल फुगवटा आला होता, आणि दुधाचा, पावडरचा, मऊ केसांचा तो वास, जो ती डोळे मिटूनही ओळखेल, नाकाशी दरवळत होता.

तिच्या अंगावर काटा आला. पण हात सवयीचे असतात. काटा थांबेपर्यंत वाचायचा नाही आणि डोळ्यांच्या रेषेत वाचायचा, हे तिने शंभर पोरींना शिकवलं होतं. ती वाकली, थांबली. सात किलो शंभर. तिने फोन काढला आणि ते तसंच भरलं. अ‍ॅपमध्ये हिरवी रेघ उमटली.

“छान आहे हो वजन,” ती हळूच म्हणाली. काटा जरासा हलला, मूल पाय झाडतं तेव्हा हलतो तसा.

मग दर महिन्याला तसंच होत गेलं. भीती कुठे गेली ते तिला कळलंही नाही. त्या दिवशी ती धुतलेली झोळी घरून घेऊन जायची, हात चोळून ऊबदार करायची. साडेसात, आठ, साडेआठ. झोळीशी वाकून ती घरच्या गोष्टी सांगायची, बाबांचं नाक कसं आहे आणि ते झोपेत कसे घोरतात तेसुद्धा. नर्सबाई म्हणायच्या, ताई, अलीकडे तुझं काहीतरी वेगळंच चाललंय, चेहऱ्यावर तेज आलंय नुसतं. ती म्हणायची, वय झालं की येतं.

नोंदीतली मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. बाई प्रेमळ होत्या, पण आकड्यांच्या पक्क्या. केंद्रात जन्म जितके झाले त्यापेक्षा अ‍ॅपमध्ये एक मूल जास्त दिसतंय, ती सरावाची नोंद शनिवार दुपारपर्यंत काढ, असं त्यांनी सांगितलं. वजनताई बरं म्हणाली आणि बाहेर येऊन बाकावर बसली. चार दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. नोंद काढली तर झोळी पुन्हा कधीच ताणली जाणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शनिवारी साडेबाराला ती एकटी उरली. झोळी खाली ताणलेलीच होती. तिने नोंद उघडली. काढण्याचं कारण निवडल्याशिवाय अ‍ॅप पुढे जाईना, आणि कारणं होती तीनच. दुबार नोंद. स्थलांतर. मृत्यू. दुबार दाबलं तर अ‍ॅप खऱ्या नोंदीचा क्रमांक मागत होतं. तिने प्रशिक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, सगळ्यांनी मृत्यूच केलंय ताई, तुम्हीही करा, काय फरक पडतो.

तिने फोन ठेवला. सव्वीस वर्षांपूर्वी हाच शब्द छापलेल्या कागदावर तिच्याकडून सही घेतली होती. गुंगीत होती, केली होती. आज ती शुद्धीत होती.

“नाही गं,” ती झोळीकडे बघून म्हणाली. “परत नाही.”

तिने स्थलांतर निवडलं. मग नव्या पत्त्याचा रकाना आला, तोही भरल्याशिवाय चालेना. तिने स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. ‘नोंद बंद झाली. बाळाची काळजी घ्या.’ मागे काट्याची कडी किणकिणली. तिने पाहिलं तेव्हा झोळी मोकळी होऊन झुलत होती, कुणीतरी उतरून गेल्यासारखी, आणि काटा शून्यावर होता.

दुपारभर तिने रजिस्टरं उपसली. रडू आलं तेव्हा औषधांच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. संध्याकाळी सहाला पाय ओढत घरी पोचली. दुरूनच मशीनचा आवाज येत होता. शनिवारी शिंपी चारलाच मशीन झाकतो.

तो मान खाली घालून शिवत होता. बाजूच्या टेबलावर तीन फ्रॉक घडी करून ठेवले होते. सगळ्यात वरचा वर्षा-दीड वर्षाच्या पोरीचा, त्याच्या गळ्याशी दुधाचा ओला डाग. त्याखालचा चार वर्षांच्या पोरीला होईल असा, घेराला माती लागलेली. तिसरा नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा, आणि त्याच्या काखेत शिवण फाटली होती.

“अहो… हे कुणाचं?”

“हळू बोल,” शिंपी म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते आणि चेहरा असा उजळला होता, जसा तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिला होता. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

“कधी आली?”

“साडेबाराला. दारात उभी होती. आल्याआल्या माप घेतलं.” त्याने दोरा दाताने तोडला. “मग परत घ्यावं लागलं… मग परत. मागचं सगळं भरून काढतेय गं. नाक माझं आहे.”

त्याच्यापुढे चौथ्याचं कापड पसरलं होतं. वजनताईने खांद्याची खूण पाहिली. ती तिच्या स्वतःच्या खांद्याएवढी होती.

“उद्या बाजारातून जास्त कापड आण,” तो कुजबुजला. “पण ती सव्वीसला थांबेल ना… तुला काय वाटतं?”

 चपला काढून वजनताई आतल्या खोलीच्या दाराशी गेली. दार लोटलेलं होतं. फटीतून दुधाचा, पावडरचा, मऊ केसांचा वास येत होता, आणि मायेने तिचा ऊर भरून आला. तिने दारावर हात ठेवला. तेवढ्यात आत कुणीतरी कूस बदलली आणि खाट करकरली. बावीस वर्षं वजनं केलेली बाई ती, आवाजावरून तिला कळलं. पन्नास किलो. तिने श्वास रोखून धरला. खाट पुन्हा करकरली, आधीपेक्षा जड. पंचावन्न.

काटा थांबेपर्यंत वाचायचा नाही, हे तिला माहीत होतं. ती दाराशी थांबून राहिली. आत खाट करकरतच होती.