भिंतीवरची घुगरी

आमच्या तांड्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत मी निवाऱ्याच्या भिंतीला टेकले, आणि मागून आवाज आला, "अहो, ओलंय!"

माझा नर्सिंगचा पांढराशुभ्र एप्रन. पाठीवर भाकरीएवढा निळा डाग.

"बोर्ड लावायला काय झालं होतं?"

"लावलाय की..." म्हणत तो बाजूला सरकला. बोर्ड त्याच्याच पाठीमागं होता!

असा हा पवन. निवाऱ्यावर बंजारा संस्कृती रंगवायला ग्रामपंचायतीनं माजलगावहून बोलावलेला. होता आमच्यातलाच, पण वाढला कारखान्याच्या कॉलनीत. आई साडी नेसणारी. त्यामुळं तांड्यातल्या बायकांचा घागरा कसा असतो, हे मलाच सांगावं लागलं.

"आरसे कुठंयत घागऱ्याला?"

"हे काय."

"एवढाले? सलूनात टांगायचेत का?"

"मग धरा तुमीच ब्रश."

"मला एसटी गाठायची हाय."

"एसटी तर... आत्ताच गेली."

खरंच गेली होती. माझ्या डोळ्यांदेखत!

मग रोजचंच झालं. संध्याकाळी उतरायचं, भिंतीत चूक काढायची, चिडून घरी जायचं. आणि घरी भाकरी थापताना उद्या कोणती चूक काढायची ते ठरवायचं... माझं मलाच हे लई खटकायला लागलं.

त्या शुक्रवारी उतरले तर निवाऱ्यात ही गर्दी! भिंतीवरच्या घागर घेतलेल्या बाईला आज चेहरा आला होता. माझा. हनुवटीवरच्या तिळासकट. आणि दोन्ही गालांवर, केसांतून लोंबणारी चांदीची घुगरी!

शेजारच्या ताराबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांच्या केसांतली खरी घुगरी हसताना किणकिणत होती. "का गं वनिता, लगीन कवा उरकलंस? जेवायला बी न्हाई बलावलं?"

घुगरी लग्न झालेल्या बाईनंच घालायची. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. आणि परवा, रविवारी, धारूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. उतरणार कुठं? ह्याच फाट्यावर!

गर्दी पांगली तशी मी पवनवर घसरले. "तुमी माझं लगीन लावून टाकलंय भिंतीवर!"

"मी? ताराबाईंच्या केसांत बघितली... छान दिसत होती."

"ती सवाष्णीची खूण हाय!"

त्याचे कान लाल झाले. "मला... ठाऊक न्हवतं. आईनं कधी घातलीच न्हाई."

त्याच्या त्या पडलेल्या आवाजानं माझा निम्मा राग गेला. म्हणून मला आणखीनच राग आला.

"आन् चेहरा? तो बी ताराबाईंचा बघूनच काढला का?"

"न्हाई. दुसरा काढायला लई बघितलं. पर हात ऐकंचना."

त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. "सांगा. काय पुसू? चेहरा... का घुगरी?"

चेहरा पुसला तर रोज उतरून मी बघणार काय? आणि घुगरी पुसली, तर रविवारी मी धारूरकरांपुढं चहाचा ट्रे घेऊन उभी.

"आडनाव काय तुमचं?"

"आं? चव्हाण."

आम्ही राठोड. एकाच आडनावात आमच्याकडं सोयरीक होत नाही. जीव भांड्यात पडला... आणि इतके दिवस एवढंही विचारलं नाही म्हणून मी स्वतःवरच वैतागले.

"झाकण लाव त्या डब्याला."

"म्हंजे?"

"म्हंजे उद्या तुझ्या आई-बापाला आमच्या घरी पाठव. पाहुणे यायच्या आत. का ते बी मीच येऊन सांगू?"

तो बघतच राहिला. मग हसला. हसत हसत दोन पावलं मागं गेला आणि पाठीनं थेट भिंतीला टेकला.

मी ओरडणारच होते, ओलंय! पण नाही ओरडले. माझ्या एप्रनची पाठ अजून निळीच होती.

"रंग लागला का काय?" त्यानं मान वळवून विचारलं.

"न्हाई. कुठं?"

तो गाडीला किक मारून माजलगावकडं निघाला. शर्टाच्या पाठीवर घुगरी लखलखत होती. स्वतः घातली नसली तरी घुगरी म्हणजे काय ते त्याच्या आईला ठाऊक असणारच; ती बघितल्यावर तिला निराळं काही सांगावं लागणार नव्हतं.

भिंतीवरची मात्र पार फिसकटली होती. ती त्याला परत काढावी लागणार होती. या वेळी, मला विचारून.