पट्ट्यातला पाय

तिने नाश्ता संपवून खुर्ची मागे सरकवली, तर खुर्चीबरोबर एक काळी बॅगही फरशीवरून घसरत आली. बॅगेला सायकलची साखळी होती, साखळीला कुलूप होतं आणि साखळीचा वेढा तिच्याच खुर्चीच्या पायाला होता.

"अहो, अहो — थांबा!" शेजारच्या टेबलावरचा माणूस हातात टोस्ट घेऊन अर्धवट उठला. "बॅग माझी आहे."

"आणि खुर्ची माझी."

"मला वाटलं, हा पाय माझ्या खुर्चीचा..." तो खाली वाकून बघू लागला. "किल्ली वर खोलीत राहिली. पाच मिनिटं बसता का, प्लीज? मी पळत जाऊन येतो. तोवर खुर्ची सोडू नका!"

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा साखळीकडे. मग एका हाताने खुर्ची बोटभर उचलली, साखळी पायाखालून बाहेर काढली आणि बॅग उचलून त्याच्या टेबलावर ठेवली.

"चोरालाही किल्ली लागली नसती," ती म्हणाली आणि निघून गेली.

आता असं कुणी पहिल्या भेटीत बोलतं का? ही बोलायची. विमा कंपनीत चोरीचे क्लेम तपासायचं तिचं काम. लोक आपल्या गेलेल्या सामानाची कहाणी लिहून पाठवत आणि ती त्या कहाणीतलं भोक शोधत असे. सात वर्षं हेच केल्यावर माणसाचा जगावरचा विश्वास बेताचाच उरतो. ऑफिसात तिला शंका म्हणत, तेही तोंडावर. तिला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटण्याच्या बाबतीत ती एकूणच काटकसरी होती.

तळ्याकाठच्या या हॉटेलात ती आत्याबरोबर आठवड्याच्या सुट्टीवर आली होती. आत्याचा स्वभाव नेमका उलटा, दिसेल त्याला आपला म्हणायचा. संध्याकाळपर्यंत आत्याने त्या माणसाची सगळी माहिती काढलीही. लग्नाचे फोटो काढतो, चार वर्षांनी पहिली सुट्टी घेतलीय, तळ्यावरचे पक्षी टिपायला आलाय आणि महिन्याभरात लग्नांचा हंगाम सुरू होतोय.

"कॅमेरा म्हणजे त्याचं पोट आहे गं," आत्या म्हणाली. "तळहाताच्या फोडासारखा जपतो."

"जपतो कुठे? नुसता घाबरतो," शंका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साखळीवाला — हे नाव आत्याने ठेवलेलं — धक्क्यावर त्यांच्या बाकाशी आला. लाकडी धक्का तळ्यात लांबवर गेलेला, दोन्ही बाजूंना होड्या बांधलेल्या. बॅग त्याने छातीशी धरली होती.

"जरा बघाल का हिच्याकडे? पलीकडे बगळा बसलाय."

"नाही," शंका म्हणाली.

"एकच मिनिट..."

"अनोळखी माणसाच्या भरवशावर बॅग टाकली, तर क्लेम मिळत नाही. तुमचा विमा कुठल्या कंपनीचा?"

त्याने सांगितलं. तो तिच्याच कंपनीचा निघाला. आत्या गालातल्या गालात हसली; कसलाही असो, तिला योगायोग आवडत.

"म्हणजे माझं काही गेलं तर तुम्ही बघणार?" त्याने विचारलं.

"मी बघितलं तर तुम्हाला काही मिळणार नाही. ही साखळी लांबूनच सांगते, आत काहीतरी किमती आहे म्हणून. शिवाय बॅगेवर कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव एवढं ठसठशीत! चोराला वाचता येत नसेल असं वाटतं का तुम्हाला?"

"मग काय करू?"

खरं तर हा प्रश्न सुट्टीच्या दिवशी कुणी विचारला असता, तर तिने ऑफिसची वेळ सांगितली असती. पण त्याने तो अगदी मनापासून विचारला होता. चष्म्यावर पाण्याचे थेंब होते आणि उत्तरासाठी तो खरंच थांबला होता. ती उत्तर देत गेली. बॅगेवरचं नाव आधी काळ्या पट्टीने झाका. साखळी फेका. प्रत्येक लेन्सचा नंबर लिहून घरी ठेवा. खोलीत सामान ठेवाल तर कपाटात नाही, कपाट सगळेच उघडतात. बसमध्ये ते वरच्या फळीवर नको, मांडीवर हवं. आणि कुठेही बसलात, तरी बॅग खाली ठेवून पट्ट्यात पाय घालायचा. बॅग ओढली की पाय ओढला जातो.

"माणूस झोपला तरी?"

"झोपलेला उठतो. पाय पट्ट्यात असूनही बॅग गेली, असे तीन क्लेम मी मंजूर केलेत."

त्याने तिथल्या तिथे पट्ट्यात पाय घातला आणि बसून राहिला. बगळा उडून गेला.

"गेला," तो म्हणाला.

"बॅग आहे ना?"

"बॅग आहे," तो हसत म्हणाला. "पण अशाने माझा एकही फोटो निघायचा नाही हो."

तिसऱ्या दिवशी तो नंबरांची यादी घेऊन तपासून घ्यायला आला. चौथ्या दिवशी बॅगेवरची काळी पट्टी नीट बसलीय का, ते दाखवायला आला. पाचव्या दिवशी पट्टी आणखी नीट बसवून आला. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार आत्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आला होता. शंकाच्या पाचव्या दिवशी आला, आणि तेही तिने मोठ्याने मान्य केलं नाही.

"तुम्ही इतरांच्या लग्नात सारखं काय बघत असता?" तिने एकदा विचारलं.

"कोण कुणाकडे बघतंय ते."

"आणि कसं कळतं?"

"ज्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलेलं असतं, तिकडेच नजर जाते." तो बॅगेची चेन उगाच उघड-बंद करत होता. "तुम्ही नाश्त्याला रोज खिडकीकडे तोंड करून बसता... माझ्याकडे पाठ करून."

"उजेड बरा असतो."

"खिडकीच्या काचेत मी दिसतो."

दुसऱ्या दिवशी मात्र ती खिडकीकडे पाठ करून बसली, म्हणजे थेट त्याच्यासमोर. तिला हे सोपं पडलं असं नाही. हातातला चहा दोनदा बशीत सांडला आणि आपल्याला हा माणूस आवडतो, हे तिने त्याच दिवशी, बशी पुसताना, स्वतःशी कबूल केलं.

सुट्टीचा शेवटचा दिवस. दुपारी वारा सुटला आणि भुरभुर पाऊस आला. आत्याने छत्री उघडली मात्र, छत्री हातातून सुटली, धक्क्यावरून गडगडत गेली आणि टोकाला जाऊन पाण्यात पडली.

"अगं बाई, माझी छत्री!"

साखळीवाला उठला. दोन पावलं गेला, थांबला, वळला. बॅगेत दोन्ही कॅमेरे होते, सगळ्या लेन्स होत्या. तो शंकाकडे बघत राहिला, तिच्या 'नाही'ची वाट बघत.

"जा," ती म्हणाली. "बघते मी."

तिने उजवा पाय पट्ट्यात घातला. आत्या छत्रीच्या मागे, साखळीवाला आत्याच्या पुढे. तो धक्क्याच्या टोकाला पालथा पडला, पाण्यात हात घातला. छत्री पुढे सरकली. त्याने होडीचं वल्हं घेतलं, छत्री आणखी पुढे. आत्या काठावरून सूचना देत होती. शेवटी छत्री हाताला लागली. तो नखशिखांत भिजलेला, ती मोडकी छत्री डोक्यावर धरून उभा राहिला आणि इतक्या लांबून शंकाकडे बघून हसला.

तीही हसली. मग बॅगेकडे बघितलं. बॅग नव्हती.

पोलीस ठाण्यात भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर तो आणि आत्या बसले. समोर टेबलाशी लेखनिक जबाब लिहून घेत होता. त्याच्या पेनाची शाई मधूनमधून अडत होती. फोटोग्राफरचा जबाब झाला होता. आता तिचा.

तिला सगळं माहीत होतं, हीच अडचण होती. ती आता त्याला अनोळखी नव्हती, तेव्हा चोराने हिसकावून नेली, असं लिहिलं तर क्लेम मंजूर. लक्ष नव्हतं, असं लिहिलं तर निष्काळजीपणा, म्हणजे नामंजूर. किती कागदांवर तिने स्वतः तो शब्द लिहिला होता. महिन्याभरात त्याचा हंगाम सुरू होणार होता आणि त्याच्याजवळ आता कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा नव्हतं. हे सगळं तिच्या एका वाक्यावर होतं. बाहेरच आत्या तिच्या कानाशी लागली होती, "हिसकावली म्हण. त्याचं भलं होईल, कुणाचं काय जातंय?" तो स्वतः काहीच म्हणाला नव्हता. कुठल्या शब्दाने काय होतं, ते त्याला माहीतच नव्हतं.

"हं, बोला," लेखनिक म्हणाला.

"मी बाकावर बसले होते. एक माणूस पळत आला. त्याने बॅग हिसकावली. त्याचा शर्ट निळा..."

ती थांबली. लेखनिकाने 'निळा' लिहून वर पाहिलं.

न विचारता चोराच्या शर्टाचा रंग सांगतो, तो माणूस खोटं बोलत असतो. ऑफिसातल्या नव्या मुलांना ती हे पहिल्याच दिवशी शिकवत असे. पळणाऱ्या माणसाच्या शर्टाकडे कुणाचं लक्ष जात नाही, गेलेल्या वस्तूकडे जातं. आणि तिने रंग सांगितला होता, तोही पटकन, सराईतासारखा. सात वर्षं दुसऱ्यांची कुसळं शोधणारी, आज तिच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ! तिला लाज वाटली, आणि आपण त्याच्यासाठी कुठवर जायला निघालो होतो, ते बघून थोडी भीतीही वाटली.

"खोडा ते," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं खोडा. नवीन लिहा. मी सांगते तसंच."

लेखनिकाने सुस्कारा सोडला, कागद बदलला. तिने खाली मान घालून हळू आवाजात सांगितलं. मधे तो दोनदा थांबला. एकदा त्याने विचारलं, "कारण काय लिहू? कारण लागतं." तिने कारण सांगितलं, अगदीच हळू. बाकावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये, एवढी तिची इच्छा होती.

"झालं," लेखनिक म्हणाला. "आता वाचून दाखवतो."

"नको. मी करते सही."

"असं कसं? वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही. नियम आहे."

नियमापुढे तिचं काय चालणार? लेखनिकाने घसा साफ केला आणि एखादी रेल्वेची घोषणा करावी तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर बॅगेच्या पट्ट्यात माझा उजवा पाय होता. सदर इसम छत्री काढण्याकरिता धक्क्याच्या टोकास पालथे झोपले. ते मला नीट दिसत नव्हते. ते नीट दिसावेत म्हणून मी पट्ट्यातून पाय काढून उभी राहिले. त्यानंतर सुमारे दोन मिनिटे मी त्यांच्याकडेच पाहत होते. मला सदर इसम आवडतात, या कारणाने बॅगेचे भान राहिले नाही. बॅग कोणी व कोणत्या दिशेने नेली हे मी सांगू शकत नाही, कारण मी दुसरीकडे पाहिलेच नाही."

आत्याने तोंडावर पदर धरला. शंकाचे कान तापले होते आणि मान वर करायची सोय नव्हती.

बाकाचा आवाज झाला. तो उठून टेबलाशी आला.

"तुमचा क्लेम गेला," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "एक शब्द बदलला असता, तर वाचला असता. मी... बदलायला निघाले होते."

"ऐकलं. निळा शर्ट."

"जमलं नाही मला. माफ करा."

"माझ्यासाठी खोटं बोलायला निघालात आणि जमलं नाही," तो सावकाश म्हणाला. "मला यातलं नक्की काय जास्त आवडलं, तेच कळत नाहीये."

"अहो, पण तुमचा हंगाम?"

"दादाकडे एक जुना कॅमेरा आहे. नवरा-नवरी त्यातही दिसतात." त्याचे केस अजून ओले होते. "कॅमेऱ्याचं वाईट वाटतंय. फार वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नजरा टिपतो. माझ्याकडे असं दोन मिनिटं कुणी बघितलं नव्हतं. मलाही तुम्ही आवडता. हेही लिहून घ्यायचं असेल तर घ्या."

"तुमचा जबाब संपलाय," लेखनिक म्हणाला. "बाई, सही."

तिने पेन घेतलं, पण सही केली नाही. "तुमचे कागद माझ्या टेबलावर येतील," ती त्याला म्हणाली, "आणि मला ते परत पाठवावे लागतील. नात्यातल्या माणसाचा क्लेम आम्ही बघत नाही."

"पण मी कुठे तुमच्या नात्यात?"

"नाही आहात. पण कारण लिहावं लागतं..." आता तिने वर पाहिलं. "आणि मी खोटं लिहीत नाही. म्हणून आधी तुम्हाला विचारते."

तो काही बोलण्याआधी आत्याच उठून उभी राहिली. "आणि माझ्या भावाला कोण सांगणार? लोक सुट्टीला जाऊन फोटो आणतात. ही पोरगी जावई आणतेय, तोही बिनकॅमेऱ्याचा!"

"बाबांना मी सांगते," ती म्हणाली, आणि तो 'हो' म्हणेपर्यंत थांबून तिने सही केली.