मागच्या भिंतीतलं दार

हेमलतेने दारावर दोनदा टकटक केलं, आणि दाराने उत्तर दिलं.

टक... टक.

तिच्या हातातल्या निरांजनाची ज्योत हलली. बाहेर भाद्रपदाचा पाऊस खाचरांवर संथ पडत होता. पुढच्या दारावर कुणी आलं असतं तर नवल नव्हतं. पण हे दार मागच्या भिंतीतलं. त्याच्यापलीकडे पायरी नव्हती, ओटा नव्हता. उंच जोत्याखाली सरळ भाताचं शेत. घर बांधलं त्या दिवसापासून ते दार खिळे ठोकून बंद होतं.

दिवेलागणीला तिथे टकटक करायची रीत तिच्या वडिलांची, अण्णांची. दोनदा वाजवायचे आणि मान खाली घालून कान देऊन उभे राहायचे. आई आधीच गेली होती; अण्णा चैत्रात गेले. त्यानंतर संध्याकाळ झाली की हेमाचा हात आपोआप उठायचा. उत्तर येत नसे. यायचं नव्हतंच.

छत्री न घेताच ती घराला वळसा घालून मागे धावली. पागोळ्यांच्या आत, भिंतीला चिकटून एक तरुण उभा होता. खांद्यावर मोजणीची तिपाई, हातात नकाशांची पत्र्याची नळी, केसांतून निथळणारं पाणी.

"तुम्ही वाजवलंत?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग डोक्यावरच्या त्या बिनपायरीच्या दाराकडे.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"मी? छे!" तिचे दात वाजत होते.

"थंडीने असेल," तो म्हणाला आणि हसला. "चहा मिळाला तर माझीही थंडी जाईल."

त्याचं नाव गोप. कुंभिवलीला नव्या कारखान्याच्या जागेची मोजणी चालली होती, त्या कामावर आलेला. जवळच्या चौक गावात खोली घेऊन राहत होता. आईवडील सिंधहून आलेले, हा मात्र कल्याणच्या छावणीतल्या बराकीत जन्मला.

"तरी मराठी इतकी छान?"

"शिव्या आधी शिकलो. बाकीचं मागून आलं."

हेमाला किती महिन्यांनी हसू आलं. चहाचा कप घेऊन तो माजघरात उभा राहिला आणि चहा प्यायचा विसरला. भिंतभर पुस्तकं होती. इंग्रजी, हिंदी, मराठी. सगळी फाळणीवरची. अण्णांनी मुंबईच्या फुटपाथवरून एकेक करून आणलेली. एक सीमेपलीकडे छापलेलं होतं; एकाहत्तरच्या लढाईत अण्णांनी त्याला खाकी कागद चढवून वर ‘लोणची व मुरंबे’ लिहून टाकलं होतं.

"आणि तुमचं काम मोजणीचं," हेमा म्हणाली. "एकाने नकाशावर रेघ ओढली न् आमच्या अण्णांचं कराचीतलं घर गेलं. तुम्ही रेघा ओढून पोट भरता."

"माझ्या रेघा पावसात पुसून जातात हो. उद्या पुन्हा माराव्या लागतात." त्याने हळूच ‘लोणची व मुरंबे’ काढलं. "हे नेऊ?"

मग तो येतच राहिला. काम संपलं की चिखलाचे बूट दाराशी काढायचा, पुस्तक ठेवायचा आणि दुसरं मागायचा.

"वाचलंस?" तोवर ती ‘अहो’वरून ‘अरे’वर आली होती.

"निम्मं."

"मग परत कशाला आणलंस?"

"निम्मं वाचून आणलं की उरलेल्यासाठी पुन्हा यावं लागतं..."

हेमा पुस्तकात डोकं घालायची. कान लाल व्हायचे ते मात्र लपायचे नाहीत.

शेजारच्या गौराबाईंना हे दिसत होतंच. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हेमे, सांजच्याला त्या दाराशी उभी रहू नको गं. गेलेल्या मानसाची सवय आपल्या हाताला लागली का बरी नाय. आनि त्यो पोरगा कुटून आला म्हन्तीस? भिंतीमागनं? त्याचे पाय बगितलेस का? उलटे तर नाय?"

"सरळ आहेत. चिखलाने भरलेले आहेत."

"बगितलेस म्हंजे!" गौराबाई डोळे मिचकावून हसल्या.

एका संध्याकाळी गोप आला तो खोकत, गंभीर चेहऱ्याने. पुस्तक त्याने छातीशी धरलं होतं.

"हे पूर्ण वाचलं," तो म्हणाला. "हेमा, आमच्या घरात भिंतीला एकही खिळा नाही. तसबीर नाही, कॅलेंडर नाही. आई ठोकू देत नाही. म्हणते, खिळा आपल्या घरात ठोकायचा. सत्तावीस वर्षं त्याच बराकीत राहतोय. मला वाटायचं, आमचीच आई वेडी. यात लिहिलंय... अशी कितीतरी घरं आहेत म्हणे. बांधलेलं बोचकं कधी न सोडणारी. उशाशी चप्पल घेऊन झोपणारी."

हेमाने पुस्तक त्याच्या हातून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, आमचेच अण्णा."

आणि तिने त्याला दाराची गोष्ट सांगितली. कराचीतल्या त्यांच्या बिऱ्हाडाला आणि शेजारच्या कादरचाचांच्या बिऱ्हाडाला मधे एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत एक दार. वाटीतून कालवण इकडून तिकडे जायचं. दंगे सुरू झाले तेव्हा दोघांनी ठरवलं, रोज दिवेलागणीला दोनदा वाजवायचं. म्हणजे, सगळे घरी आलात ना? पलीकडून दोनदा. सगळे आलो. मग बोटीची तिकिटं मिळाली. भीतीपोटी अण्णांनी कुणालाच सांगितलं नाही, चाचांनाही नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी चाचांनी दार वाजवून विचारलं. अण्णांनी दोनदा वाजवून उत्तर दिलं, आणि पहाटे हेमाच्या आईला घेऊन बंदर गाठलं.

"इथे घर बांधलं ते तसंच, त्या दारासकट. मरेपर्यंत वाजवत राहिले. या सगळ्या पुस्तकांत ते कादरचाचांना शोधत होते रे. कुठल्या तरी पानावर ती गल्ली येईल, ते घर येईल. लाखो माणसं आली, ते एक दार नाही आलं."

माजघरात काळोख झाला होता. गोपने तिचा हात धरला. दोघेही त्या दाराकडे पाहायचं टाळत होते.

दिवाळी आली तसं काम संपत आलं. गोपला बडोद्याला जायचा हुकूम आला. ओटीवर बसून तो नकाशाची नळी नुसतीच फिरवत होता.

"माझ्याबरोबर येशील? आधी कल्याणला, आईला भेटायला. मग रीतसर लग्न करून..."

दुसरं कुणी विचारलं असतं तर हेमा नाही म्हणाली असती. अण्णांनंतर त्या दाराशी उभं राहणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती गेली आणि एखाद्या संध्याकाळी पलीकडून विचारणा झाली तर? हा विचार वेडगळ होता हे तिला कळत होतं. तरी तो तिला चौक गावाच्या पुढे जाऊ देत नसे.

"येईन," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर येईन. कारण तू उत्तर दिलंस. त्या पहिल्या दिवशी. अण्णांची वाट बघणं तिथे संपलं, असं मी मनात धरलंय."

गोपचा चेहरा उतरला. तो उठून अंगणात गेला, परत आला.

"हे मी बोललो नाही तर तू येशील," तो म्हणाला. "बोललो तर कदाचित नाही येणार. पण तुझे अण्णा न सांगितलेल्या एका गोष्टीपायी जन्मभर उभे राहिले. मला तसं जगायचं नाही. हेमा... मी वाजवलं नव्हतं."

"काय?"

"दार माझ्या डोक्याच्या वर आहे. हात भरलेले होते. मी पण ऐकलं फक्त. आतून दोनदा. मग... दोनदा. लाकडातूनच आल्यासारखं. तू विचारलंस तेव्हा सांगणार होतो, पण तू समोर उभी होतीस, भिजलेली. वाटलं, नाही म्हटलं तर ही आत निघून जाईल."

हेमा उठली. ती आत गेली. गोप उंबऱ्याशी थांबला. आत यावं की बूट घालून निघावं, त्याला कळेना.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. हेमा मागच्या भिंतीपाशी उभी होती. हात उठला, पण टकटक केली नाही तिने. तळवा लाकडावर ठेवला. लाकूड गार होतं आणि किंचित ओलं, पाऊस जाऊन महिना झाला तरी.

"गोप, इकडे ये. माझ्याजवळ उभा राहा. हात दारापासून दूर ठेव, मला दिसू देत."

तो आला.

"कादरचाचा," ती मोठ्याने म्हणाली. त्या घरात या नावाने आजवर कुणी हाक मारली नव्हती. "मी हेमा. तुम्ही मला पाहिलं नाहीत. अण्णा त्या दिवशी तुम्हाला न सांगता निघाले. ते त्यांना कधी विसरता आलं नाही. आता ते गेले. मी पण उद्या निघतेय, पण सांगून. हा गोप. चांगला आहे. याने दार वाजवलं नाही, आणि तसं खरं सांगितलं. म्हणून याच्याबरोबर जातेय." तिने तळवा लाकडावरून उचलला. "येते, चाचा."

आणि उत्तराला न थांबता ती वळली, चुलीपाशी गेली, आधण ठेवलं.

गोप तिथेच उभा होता. त्याचा चेहरा दाराकडे, मान किंचित खाली. बऱ्याच वेळाने तो चुलीशी येऊन तिच्या अगदी जवळ बसला.

"हेमा, आत्ता तू वळल्यावर दारातून..."

"राहू दे," ती म्हणाली. "ते उत्तर मला नव्हतं. अण्णांचं होतं." तिने त्याच्या गार बोटांत आपली बोटं गुंतवली. "तू मला सांग, तुमच्यात सासूला नमस्कार करताना काय म्हणतात?"

त्याने हळू आवाजात सांगितलं. तिने म्हणून पाहिलं. चुकलं.

"आई हसेल," तो म्हणाला.

"हसू दे की," हेमा म्हणाली, आणि पुन्हा म्हणून पाहिलं.