अधांतरी कोळीण

"पळा! ट्वीडी कचेरीत शिरलासुद्धा!" इनीस ओरडला आणि कर्स्टी, छोटा टॅम आणि तो, तिघंही एडिंबरोच्या चढावरून सुसाट सुटली.

कर्स्टी सर्वांत पुढे होती. तिची आई न्यूहेवन बंदरावरची कोळीण. कपाळावर पट्टा, पाठीवर हेरिंग माशांची टोपली, आणि रोज मासे विकायला शहरातल्या एका अरुंद गल्लीच्या पायऱ्या चढायच्या! आता दारूवाले ट्वीडीसाहेब ती गल्लीच आपल्या शेजारच्या दुकानात घेणार होते. मग आईला ओझ्यासकट अख्ख्या टेकडीला वळसा! बिचारीचे गुडघे आधीच कुरकुरत होते.

नगरपालिकेच्या कचेरीत ट्वीडीसाहेबांनी ऐटीत एक जुनं चित्र टेबलावर ठेवलं. "शंभर वर्षांचं आहे! तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. खास माझ्या पणजोबांनी करवून घेतलेलं. बघा, सगळं आमचंच दुकान! गल्ली कुठाय?"

"खरंच की! म्हणजे रस्ता वहिवाटीचा नाही," नगरपालिकेचे हॅलिबर्टनसाहेब म्हणाले आणि परवानगीवर सही करायला त्यांनी दौतीत टाक बुडवला.

"थांबा!" कर्स्टीने चित्राला नाकच लावलं. दुकानाच्या भिंतीला चिकटून एक कोळीण होती. "साहेब, ही कशावर उभी आहे?"

"जमिनीवर, कार्टे!" ट्वीडीसाहेब खेकसले.

"जमीन तर खाली राहिली!" छोटा टॅम खिदळला. "ही हवेत लटकलीय!"

"एक पाय वर, एक खाली," कर्स्टी म्हणाली. "माझी आई पायऱ्या चढताना अश्शीच दिसते!"

इनीसचे बाबा छापखान्यात कामाला होते. तो पुढे सरसावला. "पत्रा घासून वर दुसरं कोरता येतं, साहेब. पण जुन्या रेघा पुरत्या जात नाहीत. भिंग आहे?"

भिंगाखाली, भिंतीच्या आत, पुसट आडव्या रेघा उमटल्या. टॅमने बोट ठेवून मोजल्या. "नऊ! आपल्या गल्लीलाही नऊच पायऱ्या!"

"पणजोबांनी दुकान मोठं दिसावं म्हणून गल्ली खोडायला लावली," कर्स्टी ओरडली, "आणि कोळीण राहूनच गेली!"

ट्वीडीसाहेब बिटासारखे लाल झाले. "जरा... हौशी होते आमचे पणजोबा."

हॅलिबर्टनसाहेब पोट धरून हसले. "पुरावा स्वतःच घेऊन आलात की! गल्ली सर्वांची. आणि मी आंधळ्यासारखा सही करत होतो!"

दुसऱ्या दिवशी आई नववी पायरी चढली, तर समोर हॅलिबर्टनसाहेब हॅट काढून उभे! "बाई, तुमच्या लेकीने आम्हां सगळ्यांचे डोळे उघडले."

आईने कर्स्टीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"उघडले ना? मग बघा, मासे कसे ताजे आहेत! किती देऊ?"