सांध्यांना लागलेली सवय

देशातल्या रुळांतून शेवटचा बोल्ट निघून वर्ष होत आलं होतं. आता गाडी धावताना खडखड होत नसे. गाडी जवळ आली की रूळ नुसता गुणगुणायचा, आणि लाइनीच्या कडेला चरणाऱ्या शेळ्यासुद्धा त्या आवाजावर बाजूला व्हायला शिकल्या होत्या. दोन रुळांची टोकं एकमेकांत बोटं गुंतवावीत तशी कापलेली असत आणि त्यांच्यावर हातभर लांबीची एक करडी पट्टी लपेटलेली असे. भोक नाही, बोल्ट नाही, नट नाही. कागदोपत्री त्याचं नाव 'बोल्टरहित स्वयंपकड सांधा' होतं. लोक मात्र त्याला मिठी-सांधा म्हणत. हे नाव ठेवलं होतं पळसझरीच्या लटारी कोवेनं.

लटारी कीमन होता. कीमन म्हणजे आपल्या वाट्याचे सहा किलोमीटर रूळ रोज पायी चालून तपासणारा माणूस. खांद्यावर पाना आणि हातोडा. प्रत्येक सांध्याला थांबायचं, हातोडा टेकवायचा आणि आवाज ऐकायचा. घट्ट बोल्ट खणखणतो, सैल बोल्ट बद्द वाजतो. लटारीनं बावीस वर्षं बोल्ट ऐकले. मग त्याच्याच सहा किलोमीटरवर नव्या सांध्यांची चाचणी सुरू झाली. ती सांभाळत त्यानं आणखी बारा वर्षं काढली आणि तेरा महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला.

हे सांधे शोधून काढले शर्वाणी वैरागडेनं. ती पळसझरीला पहिल्यांदा आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, रूळ-मजुरांच्या गँगच्या खोलीत राहायची आणि लटारीच्या घरी जेवायची. लटारीनं तिला विचारलं होतं, "मॅडम, बोल्ट नाही तर हे धरून कशानं राहते?"

"सवयीनं," ती म्हणाली होती.

मग तिनं समजावून सांगितलं. लोखंड उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. एक किलोमीटर रूळ पौषापासून वैशाखापर्यंत जवळजवळ हातभर वाढतो. वेल्डिंग करून जखडला तर तो उन्हात नागमोडी वाकतो, आणि बोल्टसाठी भोक पाडलं तर भोकापासून तडा जातो. तिची करडी पट्टी स्मरणधातूची होती. हा धातू वाकवला आणि तापवला की आपल्या मूळ आकारावर परत येतो, हे लोकांना आधीपासून माहीत होतं. शर्वाणीच्या धातूची गंमत पुढची होती. त्याला वळण लागायचं. गाड्या किती येतात, ऊन किती पडतं, हे तो रोज थोडं थोडं शिकायचा. शिकून नुसता बसायचा नाही, तर पुढची तयारी करायचा. वैशाख येण्याआधी पंधरा दिवस तो पकड जराशी ढिली करायचा आणि रुळाला वाढायला जागा द्यायचा.

"म्हणजे घरातल्या बाईवानी," लटारीची बायको बयना म्हणाली होती. "पाहुना यायच्या आधीच पीठ मळून ठेवते."

चाचणी नऊ वर्षं चालली. लटारीच्या तीनशे आठ सांध्यांपैकी एकही हलला नाही. त्यांना लागलेलं वळण विजेच्या झटक्यांनी नव्या पट्ट्यांत जसंच्या तसं उतरवता येत होतं. तसं ते उतरवत तीन वर्षं पट्ट्या तयार केल्या आणि मग काही महिन्यांतच देशभर अकरा लाख सांधे बसवले गेले.

आणि त्या हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, शर्वाणी काही न कळवता लटारीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"लय वाळली वो तू," बयना म्हणाली. "तिकडे कोणी जेवू घालत नाही का?"

"म्हणून तर जेवायला आले, काकू."

"खोटं नको सांगू. तोंडावर लिहिलं हाय तुह्या."

ताटात भाकर आणि आंबाडीची भाजी आली. शर्वाणीनं दोन घास खाल्ले आणि सांगायला लागली. नवे सांधे सैल पडत होते. बसवून वर्ष झालं की पकड सुटायला लागायची. जे आधी बसवले ते आधी. गेल्या आठवड्यात एका मालगाडीचे दोन डबे रुळावरून घसरले. माणूस कोणी गेलं नाही, पण आता सगळ्या गाड्या बैलगाडीच्या चालीनं चालत होत्या.

"आणि काका, आता तुमच्या लाइनीवरचे सांधेसुद्धा सुटायला लागलेत. बारा वर्षं न हललेले. सोमवारी समिती बसते आहे. सगळे सांधे काढून पुन्हा बोल्ट लावायचे म्हणतात."

"कारण काय सांगतेत?"

"धातू थकला. मीही तेच लिहून देणार आहे. दुसरं काही सापडत नाही मला."

"थकला नाही तो," लटारी म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला वाटलं, जीभ चावायला हवी होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

लटारी भाकरीचा तुकडा मोडत बसला. त्याच्या डोळ्यांपुढे एक कागद होता. चाचणी संपली तेव्हाचा. 'चाचणीच्या काळात सांध्यास मानवी स्पर्श झालेला नाही.' लटारी पंचेचाळीसाव्या वर्षी लिहाय-वाचायला शिकला होता. त्याआधीच्या कागदांवर त्यानं अंगठे दिले होते, त्यांत काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. पण हा कागद त्यानं स्वतः वाचला होता, बोट फिरवत, एकेक अक्षर. आणि खाली सही केली होती. न समजून केली असं म्हणायची सोय नव्हती.

आता खरं सांगावं, तर जी पोरगी आपल्या ताटात जेवली तिला नऊ वर्षं फसवलं हे तिच्या तोंडावर कबूल करायचं. नाही सांगावं, तर सोमवारी तिचं आयुष्य भंगारात जाणार.

"तुमी सांगता, का मी सांगू?" बयना चुलीजवळून म्हणाली.

"मी ठोकत होतो," लटारी म्हणाला.

"काय ठोकत होता?"

"सांधे. रोज सकाळी. एक ठोका अलीकडच्या रुळावर, एक पलीकडच्या, आन् एक तुह्या पट्टीवर. हळूच."

शर्वाणीचा हात ताटातच राहिला. "किती दिवस?"

"पहिले आठ दिवस नाही ठोकले. त्याच्यानंतर बारा वर्षं."

"काका, तुम्ही सही केली होती."

"केली."

"वाचून?"

"पुरी वाचून."

तिचा चेहरा लाल झाला. लटारीला वाटलं, ही आता उठून जाईल. ती उठली नाही. फक्त विचारलं, "का पण?"

"आठ दिवस हातोडा घरी ठेवला होता, माय. गोड नाही लागलं. बैलाच्या पाठीवर हात ठेवल्याबिगर कोणी गोठ्यातून बाहेर पडते का? तो खातोपितो, बरा आहे, माहीत असते. तरी हात ठेवतो आपण. मी म्हटलं, विचारल्याबिगर पुढे कसा जाऊ? तीन ठोके मारायचो आन् पुढच्याकडे जायचो."

"घरातल्या घागरीलेबी ठोकून पाह्यचे," बयना म्हणाली. "एकदा माह्या डोक्शाले ठोकलं. म्हटलं, आवाज बद्द आला तर सांगजा."

शर्वाणीला हसू आलं आणि ते तिनं रागात दाबलं. मग हात धुऊन म्हणाली, "हातोडा आणा तुमचा."

तिघं लाइनीवर गेली तेव्हा ऊन वर आलं होतं. पहिल्या सांध्याच्या पट्टीवर शर्वाणीनं मापकाटा चढवला. पट्टी आणि रूळ यांच्यामधली फट केसाएवढी होती, पण होती. लटारी वीस पावलं मागे गेला, नेहमीसारखा चालत आला, उजवा गुडघा जरा सांभाळून खाली वाकला. एक, दोन आणि किंचित थांबून तीन.

काट्याकडे बघत शर्वाणी उकिडवी बसली होती. लटारीला वाटलं, नाही व्हायचं काही. मग काटा थरथरला आणि संथपणे शून्यावर आला. पट्टी आवळली होती. दुपारपर्यंत त्यांनी एका बाजूचे चाळीस सांधे केले. चाळीसही आवळले.

"वाट पाहत होते तुमची," शर्वाणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "धातूनं उन्हासारखा, गाडीसारखा तुमचा ठोकाही शिकून घेतला. वर्षभर वाट पाहिली आणि मग सोडून दिलं. आणि मी तेच वळण अकरा लाख सांध्यांत उतरवलं. जिथं तुम्ही कधी गेला नाहीत, तिथलं लोखंडही तुमची वाट पाहतंय."

"आता माह्यावर काय लिहिशीन?"

"ते सोमवारी कळेल तुम्हाला."

सोमवारी तिनं समितीपुढं लिहून दिलं, की चूक आपली आहे. रोज सहा किलोमीटर चालणाऱ्या माणसाला आपण नियम वाचायला दिला, पण तो काय करतो हे कधी विचारलं नाही. समितीनं तिला उपाय करायला मुदत दिली. तिनं रुळावर चालणारी ठोके-यंत्रं करून घेतली. साध्या ठोक्याला सांधे दाद देईनात. मग लटारीचं वजन, त्याची चाल, दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यामधला थांबा, सगळं यंत्राला शिकवलं, तेव्हा सांधे आवळू लागले. गाड्या पुन्हा पळू लागल्या. रोज सकाळी देशभर हजारो यंत्रं उजवा गुडघा सांभाळत चालायला लागली. बयनाला हे कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होती.

चैत्रात शर्वाणी पुन्हा आली. या वेळी तिच्याजवळ एक घडी घातलेला कागद होता. बयना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चिंचा फोडत बसली होती. शर्वाणीनं खाटेवर कागद उलगडला. त्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ होती.

"ही तुमची चाल आहे, काका. बारा वर्षांची. सांध्यांतून वाचून काढली. दर वर्षी तुम्ही थोडे हळू झालात. थांबा थोडा वाढला. ठोका थोडा हलका झाला."

"म्हातारा झालो. त्यात काय वाचायचं?"

"धातू नुसता शिकत नाही. पुढची तयारी करतो." तिनं रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "इथपर्यंत तुम्ही खरंच चाललात. इथून पुढची रेघ सांध्यांनी काढली आहे. पुढच्या वर्षी तुम्ही किती हळू याल, त्याच्या पुढच्या वर्षी किती. ती इथे खाली, शून्यावर टेकते."

रेघ जिथे टेकत होती तिथे एक तारीख छापली होती. लटारीनं ती वाचली. बोट फिरवत, एकेक आकडा.

"त्या दिवसानंतर ते तुमची वाट पाहणार नाहीत," शर्वाणी म्हणाली. "आणि ठोका येणार नाही असं ठरलं की सांधा पकड सोडतो. अकरा लाख सांधे, एकाच दिवशी."

"यंत्रं हायेत नं?"

"यंत्रं तुमचीच चाल चालतात. त्या दिवसानंतर ती चाल आली तरी सांध्यांच्या लेखी ती संपलेली असेल."

लटारी कागदाकडे बघत राहिला. डॉक्टरनं कधी असं काही सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते लोखंडाला. बारा वर्षं तो समजत होता, आपण सांध्यांना ठोकून बघतो.

"अंदाज चुकत असन त्याइचा," तो म्हणाला.

शर्वाणीचं बोट रेघेच्या टोकावरच होतं. वैशाखाचा अंदाज सांध्यांनी बारा वर्षांत एकदाही चुकवला नव्हता, हे तिनंच त्याला कितीदा कौतुकानं सांगितलं होतं. लटारीनं बयनाकडे पाहिलं आणि कागद पालथा घातला.

"सवय मोडायले किती दिवस लागतीन?"

"हजार."

"आन् तारखेले किती हायेत?"

"बाराशे चाळीस."

"मंग बसली कायले, माय? लाग कामाले."

"यंत्र नाही चालणार. परका ठोका सांधे माणसाच्या हातूनच हळूहळू स्वीकारतील. माणसं लागतील. वेगवेगळी, तरणी, म्हातारी, बायका, पुरुष, आणि दर आठवड्याला बदलायची, म्हणजे कोणा एकाचं वळण लागणार नाही. आणि तुम्ही..." ती अडली. "तुम्ही लाइनीवर पाऊल टाकायचं नाही. एकदासुद्धा. तुमची चाहूल लागली तर धातू पुन्हा मागे जाईल."

लटारीनं पालथ्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "कुठं सही करू?"

गावोगावी पुन्हा कीमन भरले गेले. पळसझरीत अकरा जणांना काम मिळालं, त्यांत सात बाया. लटारीनं त्यांना आपल्या अंगणात, रुळाच्या एका तुकड्यावर शिकवलं. हातोडा कुठे धरायचा, मनगट कसं सोडायचं. पण कोणी तीन ठोके मारले की तो ओरडायचा, "माह्यावानी नको करू. तुह्या मनानं मार. दोन मार, पाच मार." एका पोरीला त्याची चाल हुबेहूब जमायची. तिला त्यानं चार दिवस नुसतं सरळ चालायला शिकवलं.

सकाळी ती सगळी लाइनीवर जात आणि तो अंगणात बसून राही. वारा तिकडून असला की ठोके ऐकू येत, कधी दोन, कधी पाच.

दिवस कलला की शर्वाणीचा फोन यायचा. देशभरची मोजदाद चालायचीच, पण लटारीला ती त्याच्या तीनशे आठ सांध्यांचं सांगायची.

"आज किती?"

"एकशे बारा विसरले तुम्हाला, काका."

"बरं चाललं म्हणायचं."

"कोण विसरलं?" बयना विचारायची.

"जुन्या ओळखीचे हायेत."

"आन् त्याचा तुमाले आनंद?"

"हो."

खरंच होता. एकेक सांधा त्याला विसरत होता, आणि त्याच्याबरोबर ती तारीखही विसरत होता. आता ती तारीख जाणणारे लाइनीवर एकशे शहाण्णवच उरले होते. ते संपले की तो आणि शर्वाणी, दोघंच उरणार होते. त्याविषयी दोघं कधी बोलत नसत. फक्त फोन ठेवायच्या आधी ती न चुकता विचारायची, "गुडघा कसा आहे?"

आणि अंगणातल्या अंगणात दोन पावलं टाकून बघत लटारी म्हणायचा, "कालच्यासारखाच."