पंधरा दिवसांची उशी

त्रांगमधल्या त्या कॉफीच्या दुकानात मी एकटीने वाफवलेल्या पुरचुंड्यांच्या सात बश्या फस्त केल्या. आठवी पुढे ओढली, तर समोरचा माणूस खुदकन हसला.

दुकान भरलेलं होतं, म्हणून तो विचारून माझ्याच टेबलावर बसला होता. सकाळचे सात वाजले होते. मी रात्रीच्या गाडीने बँकॉकहून नुसती खायला आले होते. सुट्टी मिळाली की मी दुसरं काही करत नाही.

"हसायला काय झालं?" मी घुश्शातच विचारलं.

"काही नाही... तुम्ही सगळं संपवणार?"

"आणून ठेवलंय म्हटल्यावर संपवायला नको?"

"अहो, ते न मागताच आणून ठेवतात. हवं ते खायचं, बाकीचं ते परत नेतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! सहावी आणि सातवी बशी मी केवळ भिडेखातर गिळली होती. त्याने आठवी बशी हळूच माझ्यासमोरून काढून घेतली आणि आपला कॉफीचा कप पुढे सरकवला. तळाशी आटवलेलं गोड दूध, वर काळी कॉफी.

"पोटाला जरा आराम द्या. पण पहिला घोट गप्प बसून प्यायचा हं. बोललात तर चव पळते."

मी गप्प बसून प्यायले. मग त्याच्याकडे पाहिलं आणि गप्पच राहिले. तो वासिन. दुकान त्याच्या मामाचं होतं आणि मागच्या शेडमध्ये कॉफी भाजायचं काम तो करायचा. त्याच्या शर्टाला सदा भाजल्याचा वास येई. पुढे बँकॉकमध्ये कुठे तसा वास आला की माझे पाय थबकायचे.

पुढची दीड वर्षं मी दर महिन्याला त्रांगला गेले. मग तिथून आम्ही दोघं फिरत सुटायचो. सोंगख्लाच्या जुन्या गल्लीत नारळाचं आइस्क्रीम, हात याई शहरात तळलेल्या कांद्याखाली लपलेली कोंबडी, तळ्याकाठच्या एका लाकडी कॅफेत पाऊस थांबेपर्यंत तीन-तीन कप. भूक माझी मोठी, जीभ त्याची. डोळे मिटून घास घ्यायचा आणि म्हणायचा, "आज या दुकानवालीने चिंच उशिरा घातली."

"आणि माझ्यात काय कमी-जास्त आहे, सांग बघू."

"तुझ्यात? तिखट जरा जास्त..." मग माझ्या कानामागे बट सारत, "राहू दे. सवय झालीय."

लग्नाचं मीच काढलं. तो आईला भेटायला बँकॉकला आला, आईच्या हातची माशाची आमटी दोनदा मागून घेतली, आई खूश झाली. तो गेल्यावर मात्र म्हणाली, "पोरगा गुणी आहे गं केत. पण कच्चा आहे."

आमच्यात ज्याने एकदाही भिक्खूचं चीवर घातलं नाही तो पुरुष कच्चा. लग्नाआधी काही दिवस भिक्खू होऊन यायचं, त्याचं पुण्य मुलाच्या आईला लागतं, मग माणूस पिकला म्हणायचा. कुणी आठवडा जातं, कुणी महिना.

वासिन टाळत राहिला. "कॉफी भाजायचं काम अडतं," म्हणाला. "मुंडण केलेलं डोकं थंडीत कुडकुडेल," म्हणाला. त्रांगला कसली आलीय थंडी! शेवटी मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "माझ्यासाठी जा ना. फक्त पंधरा दिवस."

तो माझ्या हाताकडे बघत "तुझ्यासाठी जातो," म्हणाला.

मी पडदे आणि उशा शिवते, ते माझं पोटापाण्याचं काम. चीवर घेणाऱ्याच्या मिरवणुकीत त्याची उशी त्याच्या प्रेयसीने धरायची असते. मी पांढऱ्या सुती कापडाची उशी स्वतः शिवली, कडेला बारीक टाके घातले. मिरवणुकीत ती छातीशी धरून मी चालत होते आणि त्याच्या मावश्या मागून चिडवत होत्या.

"बघा बघा, कशी आवळून धरलीय! अगं, उशी आहे ती, नवरा नाही!"

"पंधरा दिवसांनी नवराही आवळेल हो!"

मी लाजून हसत होते. केसांबरोबर त्याच्या भुवयाही काढल्या होत्या आणि तो एखाद्या तान्ह्या बाळासारखा दिसत होता. विहाराच्या दाराशी त्याने माझ्या हातातून उशी घेतली. आमची बोटं एकमेकांना लागली ती तेव्हा शेवटची.

पंधराव्या दिवशी मी त्याच्यासाठी नवा निळा शर्ट घेऊन गाडीतून उतरले. फलाटावर मामा एकटेच उभे होते.

"केत... तो पावसाळाभर, वर्षावास संपेपर्यंत, विहारातच राहतो म्हणतोय."

तीन महिने! मी मामांवर ओरडले, रडले आणि लगेचच्या गाडीने परत गेले. आई रोज विचारायची, मी रोज म्हणायचे, "येईल." निळा शर्ट दोनदा धुतला, त्याला इस्त्री केली, कुणी न घालताच.

वर्षावास संपल्यावर मी विहारात गेले. भिक्खूने बाईबरोबर एकट्याने बसायचं नसतं, म्हणून मामा बरोबर आले आणि खांबाला टेकून बसले. बाहेर रिपरिप चालू होती. मी दुकानातून पिशवीत बांधून कॉफी आणली होती. त्याने समोर कापड पसरलं, मी त्यावर पिशवी ठेवली, मग त्याने ती उचलली. हातातून हातात द्यायची सोय नव्हती.

"कसे आहात, केतसरा?"

केत नाही, माझं पूर्ण नाव, केतसरा. त्यातच मला सगळं कळलं, तरी मी वेड्यासारखी म्हणाले, "भन्ते, शर्ट आणलाय."

तो खाली बघत होता. "मी सतरा वर्षांचा असताना आई गेली. चितेपुढे मुलाने एक दिवस तरी चीवर घ्यायचं असतं. मी शेडमध्ये लपून बसलो. मामा हाका मारत होते... मी आलो नाही."

खांबाजवळ मामांनी मान खाली घातली.

"तेव्हापासून मला धड झोप नव्हती. पहाटे तीनला उठून कॉफी भाजायचो ना, ते कामासाठी नव्हतं. इथे आलो आणि पहिल्याच रात्री..." तो अडखळला. "तुमच्या उशीवर झोपलो, ते थेट पहाटेच्या घंटेला जाग आली. बारा वर्षांनी."

दीड वर्ष मी त्याच्याबरोबर भटकले, हसले, जेवले. त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांची मी चेष्टा करायचे!

"मी तुम्हाला शब्द दिलाय," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात तर उद्या चीवर उतरवतो. खरंच उतरवतो. मनात काही ठेवणार नाही."

तो खरं बोलत होता. नुसतं 'चल' म्हटलं असतं तर तो आला असता. निळा शर्ट त्याला छान दिसला असता. आणि पहाटे तीनला माझ्या शेजारून उठून तो अंधारात बसून राहिला असता.

मी शर्टाची पिशवी मामांकडे सरकवली. "मामा, तुम्हाला होईल हा."

"केत, पोरी..."

वासिनने मागे वळून ती पांढरी उशी आणली आणि आमच्या मधल्या कापडावर ठेवली. "निदान ही तरी..."

"असू दे," मी म्हटलं. "झोप लागते ना? मग असू दे. मी दुसरी शिवीन."

दोन्ही हात जोडून मी जमिनीवर डोकं टेकलं. माझं फार प्रेम होतं त्याच्यावर, अजून आहे, आणि ते मी असं डोकं टेकून सांगितलं, कारण आता दुसरी कुठली रीत मला मोकळी नव्हती. डोकं वर केलं तेव्हा तो डोळे मिटून कॉफीचा पहिला घोट घेत होता. गप्प बसून. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला त्याने हात उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या आधी मी दुकानात जाऊन बसले. आईचा फोन आला.

"काय गं, येतोय का जावई? पिकला की नाही एकदाचा?"

"पिकला, आई," मी म्हटलं, आणि पुढचं घरी येऊन सांगते म्हणून फोन ठेवला.

मामांनी न मागताच टेबलभर बश्या मांडल्या. मी दोन खाल्ल्या. बाकीच्या ते एकेक करून परत घेऊन गेले, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.